मेंढराचा पाय कुणी मोडला? उपदेशातला मेंढपाळ आणि बायबलातला मेंढपाळ

गव्हाण (धागाकर्ती)

भरकटणाऱ्या कोकराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडतो, पट्टी बांधतो, हाड जुळेपर्यंत त्याला खांद्यावर वागवतो, आणि तेवढ्या दिवसांत कोकराला धन्याची अशी ओढ लागते की ते पुन्हा कधी कळप सोडत नाही. हा दाखला एकदाही कानावर पडला नाही असा मराठी ख्रिस्ती माणूस मला अजून भेटायचा आहे. उपदेशात असतो, तरुणांच्या शिबिरात असतो, आता हिरव्यागार कुरणाच्या चित्रासकट व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. नोकरी गेली, आजारपण आलं, घरात कुणी गेलं, की कोणीतरी अगदी मायेने सांगतं, "देवाने पाय मोडलाय तुझा, जवळ घेण्यासाठी."

बायबलात ही गोष्ट नाही. कुठेच नाही. लूकच्या शुभवर्तमानात १५व्या अध्यायात शंभरातलं एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ ते सापडेपर्यंत शोधतो, सापडल्यावर आनंदाने खांद्यावर घेतो आणि घरी येऊन मित्र-शेजाऱ्यांना गोळा करतो. पायाचा उल्लेख नाही, शिक्षेचा नाही, मेंढराला रागावल्याचासुद्धा नाही. मोडलेल्या अवयवाचा उल्लेख हवाच असेल तर यहेज्केल ३४ उघडा. तिथे देव इस्राएलच्या मेंढपाळांसमोर, म्हणजे राजे आणि पुढाऱ्यांसमोर, आरोपपत्रच वाचतो: दुबळ्यांना बळ दिलं नाहीत, रोग्यांना बरं केलं नाहीत, मोडलेल्यांना पट्टी बांधली नाहीत, हरवलेल्यांना शोधलं नाहीत, लोकर मात्र पांघरलीत आणि जुलमाने सत्ता गाजवलीत. सोळाव्या वचनात देव म्हणतो, मोडलेल्याला पट्टी मी बांधीन. आणि आपण त्याच देवाच्या हाती पाय मोडायचं काम दिलं!

असे दाखले आणखी आहेत. मंदिराची कोकरं बाळंत्यात गुंडाळायचे. मेंढपाळ मेंढवाड्याच्या दारात आडवा झोपायचा. मेंढरांच्या नाकाला तेल लावायचे. बेथलेहेमचे मेंढपाळ समाजाने वाळीत टाकलेले होते. मेंढरू हे जगातलं सर्वांत मूर्ख जनावर. यातल्या प्रत्येकाच्या मुळाशी जायचा मी प्रयत्न केला, आणि काहींत तथ्य निघालंही. पण माझं म्हणणं असं की बायबलात मेंढराचा हिशेब मेंढपाळाला द्यावा लागतो, आणि या दाखल्यांनी तो हिशेब हळूच मेंढराच्या गळ्यात अडकवला आहे. पटत नसेल तर भांडा, त्यासाठीच धागा काढलाय.

शेवग्याची_शेंग

वाचतेय. पहिल्या परिच्छेदाला शंभर नमस्कार.

नीराकाठ

मी ख्रिस्ती नाही, पण आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आहेत. दिवाळी झाली की फलटणकडून खाली कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परत वर. त्यामुळे पाय मोडायची गोष्ट वाचून आधी हसू आलं, मग राग आला. अहो, मोठं मेंढरू पंचवीस-तीस किलोचं भरतं. वाटेवर रोज मुक्काम हलतो. कोणता शहाणा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःच्या खांद्यावर एवढं ओझं चढवून घेईल? मोडलेला पाय सुजतो, चिघळतो, जनावर खायचं सोडतं. कधी दगडात पाय अडकून मोडलाच तर बांबूच्या कामट्या लावून चिंधी बांधतो आणि देवाचं नाव घेतो. पुष्कळदा जगत नाही.

सारखं बाजूला जाणारं मेंढरू असतं एखादं. त्याच्या गळ्यात घंटी बांधायची, म्हणजे कुठे गेलं ते कळतं. संपला विषय.

आणि मेंढराला मूर्ख म्हणणाऱ्यांनी एक रात्र वाड्यावर काढावी. दोन वाडे (कळप) पाण्यावर एक झाले तरी हाक मारली की आपापली मेंढरं आपापल्या माणसामागं निघतात.

गव्हाण

नीराकाठ दादा, तुम्ही आलात हे फार बरं झालं. हाकेचं तुम्ही लिहिलंत ते जसंच्या तसं योहान १० मध्ये आहे: मेंढरं त्याची वाणी ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत, त्याच्यापासून पळतात. म्हणजे खुद्द येशूच्या दाखल्यात मेंढरं पारखी आहेत! "मेंढरू मूर्ख, म्हणून विश्वासणारा मूर्ख, म्हणून पुढाऱ्याचं निमूट ऐका" ही साखळी तिथे लागतच नाही.

२००१ साली 'नेचर'मध्ये कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं होतं. मेंढ्या इतर ५० मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवतात, असं त्यात दिसलं. २०१७ साली केंब्रिजमध्ये मेंढ्यांना फोटोवरून बराक ओबामा ओळखायला शिकवलं. आमच्या गल्लीत माणसं नगरसेवकाला ओळखत नाहीत.

डोंगरावरचं_नगर

सलाम. मी ग्रामीण भागात पाळक, म्हणजे चर्चचा धर्मोपदेशक आहे. हा दाखला मीही दिलेला आहे, म्हणून लिहितो.

दाखला हा दाखला असतो. तो धनगराला विचारून तपासायचा नसतो. त्यामागचं सत्य पवित्र शास्त्रात आहे की नाही, ते बघा. इब्री १२:६ सांगतं की प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो. स्तोत्र ५१ मध्ये दावीद म्हणतो की तू मोडलेली हाडं हर्षित होवोत. होशेय ६:१ मध्ये तर स्पष्ट आहे, त्याने फाडलं आहे आणि तोच बरं करील. ताई, देव जखम करतो आणि बांधतो, हे तुम्ही शास्त्रातून कसं काढून टाकणार?

गव्हाण

पाळकसाहेब, काढून टाकायचं नाहीच. पण तिन्ही ठिकाणी मेंढपाळ कुठे आहे? इब्री १२ मध्ये बाप आणि मुलगा आहेत. स्तोत्र ५१ मध्ये एक राजा स्वतःच्या व्यभिचाराबद्दल आणि खुनाबद्दल रडतो आहे, मेंढरू नाही. होशेयमध्ये फाडणारा कोण, ते आधीच्या अध्यायात सांगितलंय, ५:१४: मी एफ्राइमाला (म्हणजे इस्राएलच्या राज्याला) सिंहासारखा होईन. फाडणं सिंहाचं काम आहे. होशेयला सिंह आणि मेंढपाळ यांतला फरक माहीत होता, म्हणून त्याने जिथे सिंह हवा तिथे सिंह घातला. आपण सिंहाला घोंगडी पांघरून त्याच्या हातात काठी दिली आहे.

डोंगरावरचं_नगर

सिंह म्हणा की मेंढपाळ म्हणा, फाडणारा देवच आहे ना? मग फरक काय पडला?

गव्हाण

कुणाला सांगितलं आहे त्यात फरक पडतो. होशेय ते एका राष्ट्राला सांगतो, ज्याने संकटात अश्शूरच्या राजाकडे धाव घेतली (५:१३). युद्ध आणि राजकारण चाललं आहे तिथे. ते वचन उचलून कर्करोग झालेल्या बाईच्या उशाशी कसं नेता येईल?

शेवग्याची_शेंग

मी फक्त वाचणार होते, पण हे लिहितेच. माझ्या मावशीचा तरुण मुलगा अपघातात गेला. अंत्यविधीला चर्चमध्ये (कुठलं ते राहू दे) हाच कोकराचा दाखला दिला गेला. देवाने या कुटुंबाचा पाय मोडला आहे, कारण ते प्रार्थनेला येईनासे झाले होते. मावशी पहिल्या बाकावर होती. त्यानंतर ती देवाला भिऊन रोज चर्चला जाते. उपदेश करणाऱ्यांच्या दृष्टीने दाखला यशस्वी झाला म्हणायचं.

डोंगरावरचं_नगर

शेंगताई, असं कुणी बोलायला नको होतं. मी तसं कधी बोललेलो नाही. तरी शिस्त ही गोष्ट देवाच्या प्रेमात आहे, या मतावर मी कायम आहे.

वसईची_सुकेळी

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे पाय मोडणं एवढं ऐकू येत नाही. पण नाताळात मंदिराच्या कोकरांची गोष्ट दरवर्षी येते. बेथलेहेमच्या त्या रानात यरुशलेमच्या मंदिरासाठी कोकरं वाढवत, त्यांना खोट येऊ नये म्हणून जन्मल्याबरोबर कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवत, म्हणून मेंढपाळांना देवदूताची खूण लगेच पटली. ऐकताना अंगावर काटा येतो हो. हेही खोटं आहे का? गोठा सजवताना मी मुलांना हेच सांगते.

गव्हाण

सुकेळीताई, यात एक धागा खरा आहे आणि त्याला मोठी झूल शिवली आहे. मिश्नात, म्हणजे इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या यहुदी नियमसंग्रहात, एक वाक्य आहे (शकालीम ७:४): यरुशलेमपासून मिगदल-एदेरपर्यंत आणि तेवढ्याच अंतरावर कोणत्याही दिशेला जनावर सापडलं, तर नर होमार्पणासाठी आणि मादी शांत्यर्पणासाठी धरावी. सापडलेल्या, बेवारशी जनावरांचा नियम आहे हा. मिगदल-एदेर (अर्थ 'कळपाचा बुरूज') बेथलेहेमच्या बाजूला, आणि मीखा ४:८ मध्ये कळपाच्या बुरुजाचा उल्लेख आहे. १८८३ साली आल्फ्रेड एडरशाइम यांनी येशूच्या चरित्रात हे दोन्ही जोडून म्हटलं की लूकमधले कळप मंदिराचे होते. तर्क म्हणून ठीक. पण "कोणत्याही दिशेला" हे शब्द बघा. बेथलेहेमचा खास मान त्यात उरत नाही.

बाळंत्याचं कलम यावर नंतर लावलं. कोकरांना कापडात गुंडाळत असं सांगणारा एकही प्राचीन ग्रंथ नाही. लूक खूण सांगतो ती साधी आहे: त्या रात्री बेथलेहेमात बाळंत्यात गुंडाळलेली बाळं असतील, गव्हाणीत निजवलेलं एकच असेल. बाळाला घट्ट गुंडाळायचं हे मराठी घरात कुणाला समजवायला नको. यहेज्केल १६:४ मध्ये टाकून दिलेल्या मुलीचं वर्णन करताना तिला कुणी बाळंत्यात गुंडाळलं नाही असं म्हटलंय. 'शलमोनाचा ज्ञानग्रंथ' तुमच्या कॅथलिक बायबलात आहे, आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात नाही. त्याच्या सातव्या अध्यायात राजा सांगतो की मलाही बाळंत्यात वाढवलं, कोणत्याही राजाची सुरुवात याहून वेगळी नसते. मुलांना हे सांगा की! मेंढपाळांना त्यांच्याच घरच्यासारखं बाळ दिसलं.

नीराकाठ

नवं कोकरू गुंडाळून ठेवलं तर मरेल. जन्मलं की धडपडत उभं राहायला हवं, आईच्या सडाला लागायला हवं. आई वास घेऊन, चाटून ओळखते त्याला. कापड घातलं तर ती आपलं म्हणायचीच नाही.

पुस्तकी_किडा

धागा उत्तम. वाळीत टाकलेल्या मेंढपाळांबद्दल थोडी भर घालतो, कारण हे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, विद्वानांच्या पुस्तकांतही आहे. जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांच्या लिखाणातून ते बरंच पसरलं. आधार दोन. एक, बाबिलोनी तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या यहुदी भाष्यग्रंथात (सन्हेद्रिन २५ब), साक्ष देण्यास अपात्र लोकांत मेंढपाळ आहेत. तालमूदचं संकलन सहाव्या शतकाच्या आसपासचं, म्हणजे लूकनंतर चारेकशे वर्षांनी. दुसरा, मिश्ना, किद्दुशीन ४:१४: बापाने मुलाला गाढववाला, उंटवाला, नावाडी, मेंढपाळ, दुकानदार करू नये, कारण हे लुटारूंचे धंदे. हे उपदेशात सांगतात. त्याच परिच्छेदात पुढे काय आहे ते सांगत नाहीत: वैद्यांतला सर्वांत चांगलासुद्धा नरकात जाईल, आणि खाटकांतला भलासुद्धा अमालेकाचा (इस्राएलच्या जुन्या शत्रूचा) भागीदार. आता यावरून पहिल्या शतकात डॉक्टर समाजबहिष्कृत होते असं कोणी म्हणतं का? परंपरेने लूक स्वतः वैद्य!

मुळात भांडण चराईचं आहे. मेंढरं दुसऱ्याच्या पिकात शिरतात. म्हणूनच मिश्नात (बाबा कम्मा ७:७) इस्राएल देशात शेळ्यामेंढ्या पाळू नयेत, सिरियात आणि रानात पाळाव्यात, असाही नियम आहे. शेतकरी आणि मेंढपाळ यांचा हा तंटा नीराकाठ यांना नवा नसावा.

नीराकाठ

नवा कसला. कापणी झाल्यावर शेतात मेंढरं बसवायला हाच शेतकरी हातापाया पडतो, खतासाठी. धान्य देतो, पैसे देतो. पीक उभं असलं की आम्ही चोर.

रेल्वेफाटक

जालन्याकडचा आहे. आजोबांच्या पिढीत घर ख्रिस्ती झालं, त्याआधी गावकुसाबाहेर होतो. किडा साहेबांचं वाचलं. माहिती बरोबर असेल. पण आमच्या वस्तीत नाताळच्या रात्री "देवदूत आधी वाळीत टाकलेल्यांकडे गेले" हे वाक्य येतं तेव्हा म्हातारी माणसं डोळे पुसतात. ते तुम्ही तालमूदचं साल सांगून काढून घेणार? बदल्यात काय देणार?

पुस्तकी_किडा

रेल्वेफाटक, प्रश्न रास्त आहे. मेंढपाळ गरीब होते, रात्री उघड्यावर राबत होते, त्यांना राजवाड्यात कुणी विचारलं नसतं. एवढं लूकमध्ये आहेच, आणि ते काढून घेण्याचा प्रश्न नाही. त्याच लूकच्या पहिल्या अध्यायात मरिया गाते की देवाने अधिपतींना आसनांवरून ओढून काढलं आणि दीनांना उंच केलं. चौथ्या अध्यायात येशू दीनांना सुवार्ता सांगायला आलो म्हणतो. हे तालमूदच्या आधाराशिवाय उभं आहे.

मला खटकतं ते दुसरं. वाळीत टाकणारे म्हणून त्या उपदेशात यहुदी उभे केले जातात: बघा, यहुदी किती निर्दय, मेंढपाळालाही विटाळ मानत. ज्या लोकांचा मोशे मेंढपाळ, दावीद मेंढपाळ आणि खुद्द देव मेंढपाळ, त्यांच्यावर हा आळ. आपल्याकडच्या जातीचं ओझं त्यांच्या माथी कशाला?

रेल्वेफाटक

आळाचं पटलं. मरियेचं गाणं आमच्याकडे नाताळात कुणी वाचतच नाही, हे मात्र खरं आहे. का वाचत नाहीत, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

फोंड्याचो

अवांतर पण अगदीच अवांतर नाही. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताच्या 'बॉम पास्तोर' मूर्ती घडत. भला मेंढपाळ, पण बालक येशूच्या रूपात. डोंगरासारख्या रचनेच्या माथ्यावर मूल बसलंय, डोळे मिटलेले, गाल हातावर टेकलेला, एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. खाली झरा, त्यावर पाणी पिणारी मेंढरं, अगदी तळाला गुहेत पहुडलेली मारिया माग्दालेना. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत अशा मूर्ती. बसण्याच्या ढबीत बुद्ध दिसतो असं अभ्यासक म्हणतात, आणि बघितल्यावर पटतं. घडवणारे हात इथलेच. त्या मेंढपाळाच्या हातून कुणाचा पाय मोडला जाईल, अशी कल्पनाही करवत नाही.

गव्हाण

वा! रोमच्या भुयारी दफनभूमींत, प्रिसिल्ला आणि कॅलिक्स्टसच्या, तिसऱ्या शतकातली चित्रं आहेत, त्यातला मेंढपाळही बिनदाढीचा तरुण आहे, खांद्यावर जनावर घेतलेला. सिरियातल्या दुरा-युरोपोसच्या घर-चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडावर तोच, साधारण इ. स. २४० चा. क्रुसावरचा ख्रिस्त चित्रांत नेहमीचा व्हायला त्यानंतर बराच काळ जायचा होता. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना मेलेल्यांच्या शेजारी काढावासा वाटला तो हा.

टोरांटोकर

स्तोत्र २३ ("परमेश्वर माझा मेंढपाळ आहे") बद्दल. इकडे प्रत्येक ख्रिस्ती घरात फिलिप केलर यांचं १९७० मधलं पुस्तक असतं. केलर यांनी स्वतः कॅनडात मेंढ्या पाळल्या होत्या, आणि स्तोत्राची एकेक ओळ त्यांनी त्या अनुभवाने उलगडली. "माझ्या डोक्याला तेल लावतोस" म्हणजे उन्हाळ्यात मेंढ्यांच्या नाकात अळ्या सोडणाऱ्या माश्यांवरचा इलाज, हे तिथलं. माश्या खऱ्या, इलाजही खरा. पण स्तोत्रात तेलाच्या आधी ताट वाढलंय, तेलानंतर प्याला भरलाय, आणि शेवटी घर आहे. पाचव्या वचनात मेंढरू गेलं आणि पाहुणा आला. पाहुण्याच्या डोक्याला तेल लावणं हा मान. लूक ७:४६ मध्ये येशू शिमोनाला ऐकवतो की तू माझ्या डोक्याला तेल लावलं नाहीस. आपण माशी मारायच्या नादात मेजवानी घालवली.

दुसरं, कुरण. कॅलेंडरवर असतं ते इंग्लंडचं. यहुदियाच्या रानात पाऊस जेमतेम, हिवाळ्यात पडतो, मग उतारांवर थोडे आठवडे हिरवळ. आणि मेंढ्या पांढऱ्याशुभ्र कापसाच्या नव्हेत. तिकडची जात अवासी: तोंड तपकिरी, शेपूट चरबीने जड. लेवीय ३:९ मध्ये ही चरबीची शेपटी अर्पणात आहे. हेरोडोटसने लिहून ठेवलंय की अरबस्तानातले मेंढपाळ शेपटीखाली छोट्या गाड्या बांधतात. मला थाप वाटायची, पण शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, कोणतं जनावर काय बांधून बाहेर पडू शकतं, याच्या मिश्नातल्या नियमांतही मेंढ्याच्या शेपटीखालची गाडी आहे!

वसईची_सुकेळी

शेपटीखाली गाडी!! गोठ्यात ठेवणार यंदा.

बोरीबाभळी

आणि आपल्या दख्खनी मेंढ्या बहुतेक काळ्या. आमच्या चर्चच्या शब्बाथ शाळेत "काळं मेंढरू होऊ नकोस" शिकवायचे. खिडकीतून बाहेर पाहिलं तर रस्त्यावरून अख्खा कळप काळा चाललेला. पाप्यांचा मोर्चा.

वाड्याच्या दाराचं राहिलं ना?

गव्हाण

दार. "मी दार आहे" असं येशू म्हणतो, कारण मेंढपाळ रात्री वाड्याच्या तोंडाशी आडवा झोपायचा, तोच दार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका प्रवाशाच्या हकिगतीतून हे पसरलं. रानातल्या दगडी वाड्यावर कुणी तसं झोपत असेलही. पण योहान १०:३ वाचा: त्याच्यासाठी द्वारपाल दार उघडतो. त्या वाड्याला दारही आहे आणि राखणदारही. मेंढपाळ सकाळी बाहेरून येतो. मुद्दा झोपण्याचा नाही, कुंपणावरून कोण चढतो आणि दारातून कोण येतो याचा आहे, आणि आधीच्या अध्यायात काय झालंय ते पाहिलं तर अर्थ धारदार होतो. जन्मांध माणसाला डोळे मिळाले, आणि पुढाऱ्यांनी त्याला बाहेर घालवलं. त्यांना उद्देशून चोर आणि लुटारू म्हटलंय. दारात झोपलेल्या गोड मेंढपाळाच्या चित्राने पुढाऱ्यांवरचा हा वार बोथट होतो.

आता हिशेबाकडे येते, कारण मूळ मुद्दा तो. निर्गम २२ मध्ये कायदा आहे: राखायला दिलेलं जनावर श्वापदाने फाडलं तर राखणाऱ्याने पुरावा आणून दाखवावा, मग भरपाई नाही. आमोस ३:१२ मध्ये मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन पाय किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, ते यासाठी. ती वीरकथा नव्हे, पंचनामा आहे. याकोब आपल्या सासऱ्यावर, लाबानावर, उखडतो तेव्हा हेच बोलतो: फाडलेलं जनावर मी तुमच्याकडे आणलं नाही, नुकसान मी सोसलं, दिवसा उन्हाने, रात्री गारठ्याने मेलो. मिश्नात (बाबा मेसिया ७:९) आणखी बारकावा: एक लांडगा आला तर तो नाइलाज नव्हे, दोन आले तर नाइलाज. म्हणजे पगारी मेंढपाळाने एका लांडग्याशी झुंजायलाच हवं. आता योहान १०:१२ परत वाचा. लांडगा येताना पाहून मोलकरी पळतो. लांडगा, एकच! लेखकाच्या मनात हा नियम होता असं मी म्हणणार नाही, पण ऐकणाऱ्यांना राखणीची जबाबदारी काय असते ते नक्की ठाऊक होतं.

काठीसुद्धा यातच येते. लेवीय २७:३२ मध्ये जनावरं काठीखालून एकेक जातात, मोजणीसाठी. स्तोत्रातला माणूस काठी पाहून धीर धरतो, घाबरत नाही.

नीराकाठ

कानाचा तुकडा वाचून थबकलो. वनखात्याकडून लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई मिळते, पण पंचनाम्याला धड दाखवावं लागतं. लांडगा कोकरू तोंडात धरून ऊसात शिरला की दाखवणार काय? आमोस या माणसाला माहीत होतं.

पुस्तकी_किडा

आमोस स्वतः कळपवाला होता. ७:१५: परमेश्वराने मला कळपामागे चालत असता घेतलं. दाविदालाही कळपामागूनच उचललं (२ शमुवेल ७:८). हे त्यांच्यासाठी, जे सांगतात की पूर्वेकडचा मेंढपाळ नेहमी पुढेच चालतो आणि पाश्चात्त्य मागून हाकतो.

नीराकाठ

एक पुढं, एक मागं. दुभत्या शेळ्या आणि लहान कोकरं बायकांच्या ताब्यात, त्या बिऱ्हाड घेऊन वेगळ्या वाटेनं.

शेवग्याची_शेंग

राहेल मेंढरं राखायची (उत्पत्ती २९). सिप्पोरा (पुढे मोशेची बायको) आणि तिच्या बहिणी बापाच्या कळपाला पाणी पाजायच्या, दुसऱ्या मेंढपाळांनी त्यांना हाकलून लावलं (निर्गम २). "मेंढपाळ पुरुषच असतो, म्हणून बाई पाळक नको" म्हणणाऱ्यांसाठी ठेवून देते.

टोरांटोकर

या सगळ्याचा टोकाचा नमुना अमेरिकेत झाला. १९७० च्या दशकात फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये पाच शिक्षक एकत्र आले: बॉब ममफर्ड, डेरेक प्रिन्स, चार्ल्स सिम्प्सन, डॉन बॅशम आणि अर्न बॅक्स्टर. त्यांची 'शेफर्डिंग' चळवळ म्हणजे प्रत्येक विश्वासणाऱ्याला एक मेंढपाळ, आणि लग्न, नोकरी, घर, पैसा, सगळ्यांत त्याचा सल्ला. सल्ल्याचा हुकूम व्हायला वेळ लागला नाही. संसार मोडले, चर्चेस फुटली. प्रिन्स बाहेर पडले, पुढे ममफर्ड यांनी जाहीर माफी मागितली. डेरेक प्रिन्स यांची पुस्तकं आपल्याकडेही वाचली जातात, हा भाग मात्र कुणी सांगत नाही.

डोंगरावरचं_नगर

मी सांगतो, प्रिन्स यांची पुस्तकं माझ्याकडेही आहेत. पण टोरांटोकर, इकडे पाळकाची दुसरी बाजूही बघा. पगार तुटपुंजा, रात्री-अपरात्री दवाखाना, पोलीस ठाणं, तंटे. मेंढपाळाला जाब विचारा, जरूर विचारा, १ पेत्र ५:३ आम्हालाच सांगतं की धनीपण करू नका. पण मेंढरांनी कधी आम्हालाही विचारावं, जेवलात का म्हणून.

रेल्वेफाटक

जेवायला या पाळकसाहेब, जालन्याला. वशाट चालतं ना?

डोंगरावरचं_नगर

धावतं. :)

बोरीबाभळी

शेळ्यांचं कुणी बोललं नाही. मत्तय २५ मध्ये शेळ्या डावीकडे आणि थेट सार्वकालिक अग्नीत. लहानपणी आजीची शेळी नरकात जाणार म्हणून मी रडलो होतो.

नीराकाठ

शेळी नसेल तर वाड्यावर चहा नाही. अनाथ कोकराला दूध पाजते ती शेळीच. आमच्या कळपात मेंढरांबरोबर शेळ्या असतातच.

गव्हाण

तिकडेही मिश्रच कळप असायचे, म्हणून तर वेगळं करण्याची वेळ येते. शेळी वाईट असं बायबल म्हणत नाही. वल्हांडण सणाचं कोकरू शेळीचंही चालतं (निर्गम १२:५), आणि निवासमंडपावरचा तंबू बकऱ्यांच्या केसांचाच होता (निर्गम २६:७). मत्तय २५ मध्ये वेगळं करण्याचं चित्र दीड ओळीचं आहे. पुढचा सगळा न्याय भुकेल्याला जेवण दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, तुरुंगात भेटायला आलात का, यावर चालतो. मेंढरू की शेळी हे तिथल्या एकालाही आधी ठाऊक नव्हतं, दोन्ही बाजू एकच प्रश्न विचारतात, "प्रभू, आम्ही केव्हा तुला पाहिलं?"

बोरीबाभळी

म्हणजे आजीची शेळी सुटली.

वसईची_सुकेळी

गोठ्यात एक शेळीही ठेवते मग. काळी. गाडीवाल्या मेंढ्याच्या शेजारी. फादरनी विचारलं तर या धाग्याची लिंक देईन.